तिरपं चाक आणि हवेतली बिशोनाद

शर्यतीची मोटार उजवीकडे सुसाट निघाली आहे आणि तिचं नाक फ्रेमबाहेर गेलं आहे. आपल्या वाट्याला आलाय तो मागचा भाग: अंगावर रंगवलेला 6 हा आकडा, चालक, त्याच्या शेजारी बसलेला मेकॅनिक आणि पुढे झुकलेलं लंबगोल चाक. रस्त्याकडेचे प्रेक्षक आणि खांब मात्र उलट्या बाजूला कललेत. गाडी एकीकडे ओढते, जग दुसरीकडे. फोटोत फारसं काहीच नीट नाही. ना गाडी पूर्ण आहे, ना प्रेक्षकांचे चेहरे धड दिसतात, ना एक उभी रेघ सरळ आहे. तरीही मोटारींच्या शर्यतीचा याहून वेगवान फोटो मी पाहिलेला नाही.

फोटो काढणारा झाक आँरी लार्तिग तेव्हा ऐन विशीच्या उंबरठ्यावर होता. फोटोग्राफी हा त्याचा व्यवसाय नव्हता, पुढेही कधी झाला नाही. बाप श्रीमंत, घरात चार मोटारवेडी माणसं, हातात चांगला कॅमेरा. शर्यत बघायला गेला आणि जाता जाता फोटो काढला. हौस, एवढंच.

हे तिरपेपण आलं कुठून, हे समजून घेतलं तर फोटो आणखी आवडायला लागतो. त्या काळच्या बऱ्याच चांगल्या कॅमेऱ्यांत फोकल प्लेन शटर असे. म्हणजे काचेच्या प्लेटसमोर काळ्या कापडाचा पडदा आणि त्याला एक अरुंद फट. बटण दाबलं की ती फट प्लेटवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते आणि सरकता सरकता प्लेटची एकेक पट्टी उजळवते. झेरॉक्स मशीनच्या काचेखालून दिवा सरकत असताना कागद हलवला की अक्षरं लांबट, वाकडी येतात. इथे तेच झालं. कॅमेऱ्यात प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे वरून खाली येणाऱ्या फटीने आधी रस्ता टिपला, मग चाकाचा खालचा भाग, मग वरचा. तेवढ्या वेळात गाडी पुढे सरकली, म्हणून चाकाचा माथा तळाच्या पुढे गेला. लार्तिग कॅमेरा गाडीबरोबर फिरवत होता, पण गाडी त्याच्यापेक्षा वेगात होती. त्याने अचूक वेगाने कॅमेरा फिरवला असता तर चाक गोल आलं असतं. मुळीच फिरवला नसता तर प्रेक्षक सरळ उभे दिसले असते. तो फिरवत होता आणि तरी मागे पडत होता, म्हणून दोन्ही कललं, आणि विरुद्ध दिशांना कललं. पोराची धडपड आणि गाडीचा वेग यांच्यातलं अंतर त्या प्लेटवर मोजून उमटलंय.

कॅमेऱ्याने इथे खोटं काहीच सांगितलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक पट्टी आपापल्या क्षणाशी प्रामाणिक आहे. फक्त ते क्षण एक नाहीत. या एका चित्रात खालून वर वेळ चढत गेली आहे. आजच्या कॅमेऱ्याने सेकंदाच्या आठ हजाराव्या भागात टिपलेली रेसची गाडी बघा: टायरवरची अक्षरंसुद्धा वाचता येतात आणि गाडी पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी दिसते. मोबाइलचा कॅमेरा मात्र या बाबतीत लार्तिगच्या कॅमेऱ्याचाच वंशज आहे. त्याचा सेन्सरही चित्र ओळीओळीने वाचतो. लोकलच्या दारातून जवळच्या खांबांचा फोटो काढलात तर ते तिरके येतात, त्याचं कारण हेच.

लार्तिगला स्वतःला हा फोटो फसल्यासारखा वाटला. गाडी अर्धी कापली गेली, लोक वाकडे आले. प्लेट बरीच वर्षं बाजूला पडून राहिली. तसं पाहिलं तर तिरक्या चाकांची दृष्टी त्या काळाला नवी नव्हती. एर्नेस्त मोंतो नावाचा चित्रकार शर्यतींच्या लिथोग्राफमध्ये गाड्या मुद्दाम ताणून, पुढे झुकवून काढत असे आणि ती चित्रं पॅरिसमध्ये चांगली खपत. पण चित्रकाराने वाकवलेलं चाक ही शैली आणि कॅमेऱ्याने वाकवलेलं चाक ही चूक, असा तो हिशोब होता. हौशी माणूस आपल्या फोटोला नेहमी या कडक हिशोबाने तपासतो. नीट आला का, अख्खा आला का, हलला तर नाही ना! व्यावसायिक माणूस चुकीलाही गिऱ्हाईक शोधतो.

तारखेचीही एक गोष्ट आहे. लार्तिगने या फोटोखाली 1912 असं लिहिलं आणि दिएपच्या ग्राँ प्रीचं नाव दिलं. पुढे अभ्यासकांनी गाडीवरून माग काढला आणि ती 1913 सालच्या आमियाँच्या शर्यतीतली असावी, असं दाखवून दिलं. त्यामुळे पुस्तकांतून दोन्ही सालं सापडतात. म्हातारपणी आठवणीने लिहिलेल्या तारखा अशाच असतात. कुठल्याही घरातला अल्बम उघडा, फोटोच्या मागच्या साल-तारखेवरून दोन आत्यांचं एकमत होणार नाही.

लार्तिगचा जन्म 13 जून 1894 चा, पॅरिसजवळच्या कूर्बव्वाचा. वडील आँरी स्वतः हौशी फोटोग्राफर. त्यांनी पोराला प्लेट धुवायला, छापायला शिकवलं आणि 1902 च्या सुमाराला त्याचा स्वतःचा कॅमेरा घेऊन दिला. लाकडी, 13 बाय 18 सेंटिमीटरच्या काचा घेणारा, तिकाटण्यावर ठेवायचा. त्यामागे उभं राहायला या आठ वर्षांच्या पोराला स्टूल लागायचं. त्याआधी कॅमेरा नसतानाही त्याने एक खेळ शोधून काढला होता: डोळे विस्फारायचे, मग अर्धवट मिटायचे, गर्रकन फिरायचं आणि समोरचं सगळं, वासासकट, आवाजासकट, आत धरून ठेवायचं. डोळ्यांचा सापळा म्हणायचा तो त्याला. काही दिवसांनी हा सापळा चालेनासा झाला आणि पोरगं खंतावलं, असं त्याने पुढे सांगितलंय. कॅमेरा त्या सापळ्याच्या जागी आला.

मग एकामागून एक कॅमेरे येत गेले. त्यांतला गोमों कंपनीचा ‘ब्लॉक-नोट्स’ हा मला त्याच्या कामाच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक वाटतो. मिटला की खिशात मावेल एवढा, साडेचार बाय सहा सेंटिमीटरच्या काचा घेणारा. तिकाटणं गेलं, स्टूल गेलं, पोरगं मोकळं झालं. पुढे दोन भिंगांचे स्टिरिओ कॅमेरे आले. त्यांतून निघालेली जोडचित्रं दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघितली की खोली उमटायची, उडी मारणारा माणूस खरोखर पार्श्वभूमीपासून सुटून अंगावर यायचा. हवेतल्या माणसांचं वेड असलेल्या मुलाला ही खोली किती मोलाची वाटली असेल! लार्तिगवर लिहिणारे बरेच जण ही सामग्री ओझरती उल्लेखून पुढे जातात, जणू यंत्राबद्दल बोललं की कलेचा विटाळ होतो. माझं मत बरोबर उलट आहे. हौशी माणसाचं यंत्रावर प्रेम असतं आणि ते प्रेम चित्रात उतरतं. कुठल्या काचेवर काय जमेल, किती पावलांवर फोकस लावून ठेवायचा, ढग आला तर काय करायचं, हे हाताला इतकं सवयीचं झालेलं असतं की डोळे समोरच्या माणसावर ठेवायला मोकळे राहतात.

बिशोनादचा फोटो याच मोकळ्या डोळ्यांनी काढलाय. साल 1905, पत्ता पॅरिसमधल्या रु कोर्तांबेरवरचं 40 क्रमांकाचं राहतं घर. चुलत-मामे भावंडांतली एक मोठी मुलगी, बिशोनाद, बाहेरच्या दगडी पायऱ्यांवरून उडी मारते आहे. ती अजून खाली पोचलेली नाही. पायघोळ झगा, वर बांधलेले केस, आणि सबंध अंग हवेत पुढे झेपावलेलं. त्या काळच्या सभ्य घरातल्या बाईने फोटोसाठी काय करायचं, तर खुर्चीवर बसायचं, कोपर टेबलावर टेकायचं आणि छायाचित्रकाराने ‘हलू नका’ म्हटलं की श्वास धरायचा. बिशोनाद त्याच कपड्यांत, त्याच केशरचनेत उडते आहे. पोशाख समारंभाचा आणि कृती पोरासोरांची, यातून या फोटोतला आनंद येतो. चेहऱ्यावर भीती नाही, कसरत करणारीचा ताणही नाही. पडू की काय असा प्रश्न तिला पडलेला नाही आणि म्हणून आपल्यालाही पडत नाही.

अकरा वर्षांच्या मुलाला हा नेमका क्षण कसा सापडला? काचेच्या प्लेटला पुन्हा संधी नसते. एका उडीला एक प्लेट. आजच्यासारखे धडाधड वीस फोटो घेऊन त्यातला एक निवडायची सोय नाही. उत्तर साधं आहे: बिशोनाद त्याची बहीण होती. ती पायरीवर थबकून कसा दम घेते, झगा कसा सावरते, कुठल्या पायावर जोर देते, हे त्याने घरात रोज पाहिलेलं. परक्या छायाचित्रकाराला बोलावून हा फोटो काढून घेता आला नसता. परक्यासमोर बिशोनादने उडीच मारली नसती! व्यावसायिक फोटोग्राफर घरात येतो तेव्हा घर आवरलेलं असतं, माणसंही आवरलेली असतात. हौशी फोटोग्राफर घरचाच असतो, तो सगळ्या पसाऱ्यात वावरत असतो. लार्तिगचं खरं भांडवल हे होतं आणि ते कुठल्याही स्टुडिओला विकत घेता येण्यासारखं नव्हतं.

रुझाचे फोटो बघताना हे आणखी पटतं. ओव्हेर्न्य प्रांतातलं रुझा हे लार्तिगांचं सुट्टीचं घर. थोरला भाऊ मॉरिस, घरातलं लाडाचं नाव झिसू, याला उडण्याचं खूळ. त्याने स्वतः ग्लायडर बांधली, त्यांना नंबर दिले. 1910 च्या सप्टेंबरात त्यातलं ‘झेड वाय एक्स 24’ हवेत उचललं गेलं तो फोटो प्रसिद्ध आहे. ग्लायडर वर गेलंय आणि खाली माणसं धावताहेत, उड्या मारताहेत. लार्तिगने या फोटोला दिलेलं नाव म्हणजे अल्बममधली ओळच आहे: विमान उडतंय, आणि पिरू, झिसू, जॉर्ज, लुई, देदे, रोबेर हेही उडायचा प्रयत्न करताहेत. नावानिशी सगळे! आपल्याला यातला देदे कोण आणि रोबेर कोण, ठाऊक असायचं कारण नाही. पण ज्याने लिहिलं त्याला एकेकाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने या फोटोखाली विमानाची लांबी-रुंदी दिली असती. इथे विमान एक आणि उडणारे अनेक आहेत. जमिनीपासून वीतभर वर गेलेले हे दोस्त ग्लायडरइतक्याच गांभीर्याने टिपलेत. माझ्या दृष्टीने लार्तिगचा हा सर्वांत परिपूर्ण फोटो, त्या शर्यतीच्या मोटारीहूनही. मोटारीच्या फोटोत चमत्कार यंत्राने केला. इथे सगळी माणसं आपणहून जमीन सोडताहेत आणि फोटो काढणाऱ्याला ते आधीच ठाऊक आहे.

(या झिसूचं नाव सिनेमा बघणाऱ्यांना ओळखीचं वाटेल. वेस अँडरसनने 2004 च्या आपल्या चित्रपटातल्या दर्यावर्दी नायकाला स्टीव्ह झिसू म्हटलं ते इथूनच.)

घराबाहेर पडल्यावर लार्तिगची नजर थोडी बदलते. ब्वा द बूलोनच्या रस्त्यावर पॅरिसमधल्या नटव्या बायका फिरायला यायच्या, त्यांना गाठायला हा पोरगा आधीच जाऊन बसायचा. अंतर मनाशी ठरवलेलं, कॅमेरा तयार. 1911 च्या जानेवारीतला एक फोटो बघा: फर ल्यालेली बाई, पुढे तिची दोन कुत्री, आणि मागच्या रस्त्यावर घोड्याची बग्गी आणि मोटार एकाच वेळी. एक युग जाताना आणि दुसरं येताना एका फ्रेममध्ये सापडलं, असं टीकाकार म्हणतात. ते खरंच आहे. पण मला या बायकांच्या फोटोंत बिशोनादची ऊब सापडत नाही. इथे तो चाहता आहे, जरा घाबरलेला चाहता, आणि बाईही बघितलं जाण्यासाठीच बाहेर पडलेली आहे. दोघांनाही ते माहीत आहे. चित्र देखणं, कपडे अप्रतिम, पण इथे कुणी कुणाच्या घरातलं नाही.

त्या काळात पॅरिसमध्ये हौशी छायाचित्रकारांचं प्रतिष्ठित मंडळ होतं, 1888 साली स्थापन झालेला फोटो-क्लब द पारी. रोबेर दमाशीसारखे त्यातले लोक गम प्रिंट करून, ब्रशने पुसून, कण मुद्दाम मऊ करून फोटोला चित्राचं रूप द्यायचे. त्यांची कारागिरी खरोखर उंचीची होती. पण फोटो हा चित्रासारखा दिसला तरच कला, या समजुतीने त्यांचा बराच वेळ खाल्ला. लार्तिगची गंमत अशी की त्याला खरोखर चित्रकार व्हायचं होतं. तो आकादेमी झ्युलियाँत शिकला, आयुष्यभर रंगवत राहिला, प्रदर्शनं भरवली, स्वतःची ओळख चित्रकार म्हणूनच करून दिली. चित्रकलेची तहान कॅनव्हासवर भागत असल्यामुळे त्याने ती फोटोवर लादली नाही. फोटोने फोटोचं काम करावं, धावणारं धरावं, एवढीच त्याची अपेक्षा. रंगीत फोटोच्या बाबतीतही तेच. ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोम प्लेटा 1907 साली बाजारात आल्या. रंगवलेल्या बटाट्याच्या स्टार्चचे कण असलेल्या त्या काचांवर रंग विलक्षण मऊ उमटतात. लार्तिगने त्या हौसेने वापरल्या. तेव्हाची बायको बिबी, बागा, फुलं, समुद्रकाठची छत्री हे त्याचे ऑटोक्रोम सुंदर आहेत. पण या प्लेटांना एक्स्पोजर लांब लागे, समोरच्याने गप्प बसून राहावं लागे. ज्याला माणसं हवेत हवी होती त्याला हे किती काळ परवडणार? विसाच्या दशकात त्याने त्या सोडल्या.

1962 साली तो बायको फ्लोरेतबरोबर न्यूयॉर्कला गेला. तिथे फोटो एजन्सीच्या चार्ल्स राडोने त्याचे जुने फोटो पाहिले आणि मॉडर्न आर्ट म्युझियमच्या जॉन झारकोव्स्कीपर्यंत पोचवले. 1963 साली तिथे प्रदर्शन झालं, लार्तिग 69 वर्षांचा. त्याच वर्षी ‘लाइफ’ने त्याचे फोटो छापले, आणि तो अंक नेमका केनेडींच्या हत्येच्या बातमीचा निघाला. लाखो घरांत जपून ठेवला गेलेला तो अंक, त्यात हे उडणारे, हसणारे लोक. पुढे 1970 साली रिचर्ड अ‍ॅव्हेडॉनने त्याच्या फोटोंचं मोठं पुस्तक संपादित केलं. 1974 साली फ्रान्सचे नवे अध्यक्ष झिस्कार देस्तँ यांनी आपला अधिकृत फोटो त्याच्याकडून काढून घेतला.

या उशिराच्या कीर्तीबरोबर एक दंतकथा चिकटली: कुणाचंही काम न पाहिलेला, नकळत थोर फोटो काढणारा निरागस बालक. ती मला पटत नाही. केव्हिन मूर या अभ्यासकाने 2004 च्या पुस्तकात ती चांगलीच तपासली आहे. लार्तिगच्या घरात सचित्र क्रीडा-साप्ताहिकं येत, शर्यतींचे आणि उड्यांचे फोटो तो त्यांत बघत होता. हौशी मंडळींसाठीच्या पुस्तकांत उडी कशी टिपावी याच्या सूचना छापलेल्या असत. घरात जाणता बाप होता. त्याला निरागस म्हटलं की त्याने रात्री लाल दिव्याखाली घेतलेले कष्ट पुसले जातात. हौशी म्हणजे अडाणी नव्हे. उलट ज्याला पैसे मिळत नाहीत तो माणूस एकेका प्लेटवर जितका जीव लावतो, तितका लावायला पगारी माणसाला सवड नसते.

भिंतीवर टांगलेला एकेक सुटा फोटो बघण्यापेक्षा लार्तिगला त्याच्या अल्बममधून बघावं, असं माझं ठाम मत आहे. सव्वाशेहून जास्त मोठाले अल्बम त्याने केले. एका पानावर मोठा फोटो, शेजारी चार छोटे, खाली हाताने लिहिलेली नावं. सत्तरीनंतर त्याने त्यांतले कित्येक उसवून पुन्हा मांडले. त्या पानांवर बिशोनादची उडी हा एकटा चमत्कार राहत नाही. तिच्या आजूबाजूला मांजर आहे, चेंडू आहे, आंघोळीच्या टबातलं खेळण्यातलं जहाज आहे, कुणाचा तरी वाढदिवस आहे. आपल्याकडे बडोद्यात बनलेल्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीने मध्यमवर्गीय घरांत असेच अल्बम भरले, काळ्या जाड पानांवर कोपरे चिकटवून. रोलमध्ये फोटो फक्त बारा, म्हणून मुंज, सहल, नवी सायकल अशा गोष्टींनाच मान. त्या अल्बममध्ये वडील सहसा दिसत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्या हातात असे. ज्यांनी असे अल्बम मांडीवर घेऊन पाहिलेत त्यांना लार्तिग समजायला समीक्षेची गरज फार लागत नाही.

एक आक्षेप मात्र टाळता येणार नाही. या अल्बमांत दुःख फारसं नाही. पहिलं महायुद्ध झालं, फ्रान्सची एक पिढी खंदकांत गेली. त्या वर्षांच्या पानांवर युद्ध जवळपास दिसत नाही. पैसा होता म्हणून आनंद होता, असंही कुणी म्हणेल. काही अंशी ते खरं आहे. रुझासारखं घर आणि ग्लायडर बांधायला सवड सगळ्यांना नसते. पण आनंद टिपणं सोपं असतं, या गृहीतकाशी मी सहमत नाही. दुःख बसून राहतं, त्याच्यापुढे कॅमेरा लावता येतो. बिशोनाद हवेत राहिली जेमतेम क्षणभर.

आणि तो क्षण हातचा जाईल ही धास्ती लार्तिगच्या रोजनिशीत पानोपानी दिसते. दिवसाची हवा कशी होती, कुठे गेलो, काय केलं, याच्या बारीक नोंदी आहेत. त्यांच्याबरोबर त्या दिवशी काढलेल्या फोटोंची छोटी रेखाचित्रं आहेत. प्लेट अजून धुतलेली नाही, चित्र आलंय की नाही ठाऊक नाही, फसली तर सगळंच जाईल, म्हणून त्याने आधी ते हाताने काढून ठेवलं. चार रेघांत गाडी, चार रेघांत उडी मारणारा माणूस. लार्तिगने 1979 साली हे सगळं, निगेटिव्ह, अल्बम, रोजनिश्या, फ्रान्सच्या सरकारला देऊन टाकलं आणि 1986 साली नीसमध्ये मरेपर्यंत फोटो काढत राहिला. त्यामुळे आज फोटो आणि त्याच संध्याकाळचं रेखाचित्र शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. रेखाचित्र सांगतं त्याला काय टिपायचं होतं, आणि फोटो सांगतो कॅमेऱ्याने त्याच्या पदरात काय टाकलं.